नरिमन पॉइंट : समुद्रातील जमीन आणि गाडीतील गर्दी

मुंबईच्या दक्षिण टोकावरील उंच कचेऱ्यांच्या वस्तीस 'नरिमन पॉइंट' हे नाव मिळावे, यात इतिहासाचा थोडा खट्याळपणा आहे. ज्या खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचे हे नाव, त्यांनी आपल्या उमेदीची वर्षे याच बॅकबे भरावाच्या कारभारावर कोरडे ओढण्यात वेचली होती.

गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, सरकारने स्वतंत्र विकास खाते निर्माण केले आणि महापालिकेस बाजूला सारून समुद्र हटविण्याचे काम आरंभिले. आठ विभागांत मिळून ११४५ एकर भूमी मिळावयाची होती. प्रत्यक्षात गाळ उपसण्याचे काम रेंगाळले व खर्चाचे अंदाज कोसळले. नरिमन यांनी कायदेमंडळात आणि वृत्तपत्रांतून हा कारभार चव्हाट्यावर मांडला. खात्यातील हार्वे नामक इंजिनियराने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातूनही ते निर्दोष सुटले. अखेर पहिला, दुसरा, सातवा व आठवा एवढेच विभाग पुरे झाले. तिसरा ते सहावा हे चार समुद्रातच राहिले. पुढे १९३५ मध्ये नरिमन मुंबईचे महापौर झाले.

स्वातंत्र्यानंतर राज्यशासनाची दृष्टी या उरलेल्या विभागांकडे वळली. या वेळी आक्षेपाचे स्वरूप मात्र निराळे होते. मुंबई हे उत्तर-दक्षिण पसरलेले चिंचोळे बेट, कचेऱ्या दक्षिणेस, घरे उत्तरेस. सकाळी चर्चगेट व बोरीबंदरकडे धावणाऱ्या गाड्या ओसंडून वाहत आणि उलट दिशेच्या जवळजवळ रिकाम्या जात. दक्षिण टोकावर आणखी कचेऱ्या म्हणजे त्याच रुळांवर आणखी माणसे, हा हिशेब शाळकरी मुलासही समजावा असा होता.

महापालिकेच्या विकास आराखड्याचा मसुदा १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी त्यावर हरकत घेतली. 'मार्ग' या नियतकालिकाच्या १९६५ मधील अंकात त्यांची योजना प्रसिद्ध झाली. खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, शासनाने आपल्या कचेऱ्या तेथे हलवाव्यात, म्हणजे वाहतुकीचा ओघ पूर्व-पश्चिम वळेल, असे त्यांचे म्हणणे होते. धनंजयराव गाडगीळ समितीनेही विकेंद्रीकरणाचीच शिफारस केली. १७ मार्च १९७० रोजी 'सिडको' स्थापन झाली.

आणि त्याच सुमारास नरिमन पॉइंटवरही इमारती चढत होत्या! एकच शासन एका हाताने पलीकडे शहर वसवीत होते आणि दुसऱ्या हाताने अलीकडे भूखंड देत होते. भूखंडाचे भाडे राज्याच्या तिजोरीत जाई. पाणी, गटारे व रस्ते यांचा भार महापालिकेवर पडे. गर्दी रेल्वेच्या वाट्याला येई. उत्पन्न एकाचे आणि ओझे दुसऱ्याचे, अशा व्यवस्थेत ओझ्याचा विचार कोण करणार? भूखंड जाहीर लिलावाविना दिल्याबद्दल पिलू मोदी प्रभृतींनी उच्च न्यायालयात दाद मागितली. पण इमारती उभ्या राहिल्या. सचिवालय, पुढचे मंत्रालय, पलीकडे गेलेच नाही. उलट १९८१ मध्ये नवे विधानभवनही त्याच भागात उभे राहिले. प्रमुख सूत्रधारच न आल्याने नव्या मुंबईचे नाटक दीर्घकाळ पूर्वरंगातच अडकले.

तथापि पलीकडची भूमी ओसाड नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी योजिल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि जानेवारी १९८४ मधील गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा भूमिपुत्रांस मिळू लागला तो त्यानंतर.

कचेऱ्यांचा ओघ पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाकडे वळला. खाडीवरचा पहिला पूल १९७३ मध्ये खुला झाला होता. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा सागरी सेतू २०२४ मध्ये झाला, आणि २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली. त्या मार्गावर विधानभवन नावाचे एक स्थानक आहे. मंत्रालयात जाणारे तेथेच उतरतात.