मुंबई–लंडन : दोरी आणि डोंगर

मुंबई ते लंडन किती अंतर? घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर दोरीचं एक टोक धरा, दुसरं लंडनवर ठेवा आणि दोरी ताणा. ती इराण, कॉकेशस, पोलंड असं करत जाते. मोजली तर भरते सुमारे ७,२०० किलोमीटर. गंमत अशी, की कैरो आणि जिनिव्हा ही गावं त्या दोरीच्या आसपासही येत नाहीत. आणि आपलं पहिलं विमान गेलं ते नेमकं त्याच गावांवरून!

८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ सांताक्रूझहून उडालं. आत ३५ प्रवासी, त्यांत खुद्द जे. आर. डी. टाटा. १० जूनला ते लंडनला उतरलं. बोटीला जिथे अडीच-तीन आठवडे लागत, तिथे हा प्रवास दोन दिवसांच्या आत झाला. पंख्यांच्या त्या कॉन्स्टेलेशन विमानात भरल्या प्रवाशांनिशी थेट लंडन गाठण्याइतकं पेट्रोल मावत नसे. म्हणून मुक्काम घेत जायचं. या वळशाने वाट जेमतेम सातशे किलोमीटरने वाढली. कागदावर हे काही फार नाही. पण जिनिव्हाला उतरायचं म्हणजे आल्प्सवरून जायचं, आणि तिथे ४,८०० मीटर उंचीचा माँ ब्लाँ उभा.

हेच ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँच्या कड्यावर आदळलं. ४८ जण गेले. बहुतेक प्रवासी खलाशी होते, इंग्लंडात आपल्या बोटीवर रुजू व्हायला निघालेले. बोटीवर चढण्यासाठी विमानाने जाणारी ही माणसं मला अजून बेचैन करतात. डॉ. होमी भाभांचं नाव आपल्याला पाठ आहे, या खलाशांपैकी एकाचंही नाही. मदतीला निघालेला एक फ्रेंच वाटाड्याही बर्फाच्या भेगेत पडून दगावला.

पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ ला, जवळजवळ त्याच जागी ‘कांचनगंगा’ हे बोइंग कोसळलं. मुंबईहून बैरुतमार्गे ते जिनिव्हाला उतरत होतं. दिशा दाखवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बंद होतं. आपण अजून डोंगराच्या अलीकडे आहोत, असं जमिनीवरून वैमानिकाला सांगितलं गेलं. तो समजला, डोंगर मागे पडला. ११७ जण गेले. त्यांतच व्हिएन्नाला निघालेले भाभा.

आता मधल्या थांब्याशिवाय नऊ-दहा तासांत मुंबईहून लंडनला जाता येतं. बर्फ मात्र आपल्याच चालीने खाली सरकतो. २०१२ मध्ये बोसाँ हिमनदीवर आपल्या परराष्ट्र खात्याची टपालाची थैली सापडली. २०२० मध्ये त्याच भागातल्या एका कॅफेवाल्याला भारतीय वर्तमानपत्रं मिळाली, ओली, पण वाचता येण्याजोगी. त्यांत इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याची बातमी होती. त्यांचा शपथविधी झाला, तो विमान कोसळलं त्याच दिवशी.