अंधेरीचं बेसमेंट आणि इर्ल्याचे पंप

आमच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगच्या कोपऱ्यात एक खड्डा आहे. प्लंबरच्या भाषेत सम्प. त्यात दोन सबमर्सिबल पंप (एक बिघडला तर दुसरा), पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच, आणि बाहेरच्या पाइपवर एनआरव्ही, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. शिवाय वीज गेली तर जनरेटर. यातली एक जरी गोष्ट नसली तर बाकीचा खर्च पाण्यात. अगदी शब्दशः :)

आता हेच चित्र शहराएवढं मोठं करून बघा. मुंबईचं पावसाचं पाणी १८६ तोंडांतून समुद्रात किंवा खाडीत पडतं. त्यातली ४५ तोंडं समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली. भरतीच्या पातळीच्या वर फक्त ६! म्हणजे भरती आली की पाणी बाहेर जायचं सोडाच, उलट आत येतं. थोडक्यात आपण सगळेच बेसमेंटमध्ये राहतो, आणि कित्येक वर्षं या बेसमेंटला ना झडप होती ना पंप.

जुन्या व्यवस्थेचा हिशोब होता तासाला २५ मिमी पावसाचा. तोही ओहोटी असताना, आणि निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. पार्ल्या-अंधेरीत वाड्या आणि भातखाचरं होती तेव्हा मुरतही असेल. टॉवर आणि पेव्हर ब्लॉकमधून काय मुरणार, कप्पाळ?

हे कोणाला कळलं नव्हतं असं मुळीच नाही. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेने सल्लागार नेमले आणि १९९३ मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला. क्षमता तासाला ५० मिमी करा, मुरण्याचा भरवसा सोडा, नाले रुंद करा, आणि मोक्याच्या ठिकाणी पंपिंग स्टेशनं बांधा. रिक्वायरमेंट डॉक्युमेंट एकदम झकास, पण प्रोजेक्ट बराचसा फायलीतच राहिला.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला त्याच काळात जेमतेम ७३. त्यात दुपारी ४.४८ मीटरची भरती. उपनगरात माणसं बंद गाड्यांमध्ये गुदमरून गेली. एवढ्या पावसाला ५० मिमीचा आराखडाही पुरला नसता, हे खरंच. पण बारा वर्षं नुसती गेली हेही तितकंच खरं. १९९३ मध्ये सुमारे ६१६ कोटींचं असलेलं काम २००७ मध्ये केंद्राने मंजूर केलं तेव्हा १२०० कोटींवर गेलं होतं.

जुहूचं इर्ला पंपिंग स्टेशन सुरू झालं २०११ मध्ये. तत्त्व आमच्या सम्पचंच. भरती चढली की नाल्याच्या तोंडाचे दरवाजे बंद (हीच एनआरव्ही), आणि आत साचलेलं पाणी पंप दरवाजापलीकडे फेकतात. सहा पंप, प्रत्येकी सेकंदाला ६,००० लिटर. म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर!

आकडा भारी वाटतो ना? मी कॅल्क्युलेटर काढला. तासाला ५० मिमी पाऊस आणि सगळं पाणी वाहून येणार असं धरलं, तर ३६,००० लिटरचा हा वेग फक्त अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास पुरतो. त्यापलीकडचं पाणी पंपाची पाळी येईपर्यंत कुठेतरी थांबायला हवं. घरी त्यासाठी खड्डा असतो. शहरात ते काम तळी, खाजणं आणि रुंद नाले करायचे, आणि नेमके तेच आपण भराव टाकून बुजवले. नुसता पंप मोठा करून हा प्रश्न सुटत नाही, असं माझं मत.

महापालिकेलाही हे पटलं असावं. कारण गेल्या काही वर्षांत हिंदमाता आणि सांताक्रूझच्या मिलन सबवेसाठी जमिनीखाली पाण्याच्या टाक्या बांधल्या गेल्या. अंधेरीच्या मोगरा नाल्यावरचं स्टेशन मात्र ब्रिमस्टोवॅडच्या यादीत असूनही २०२१ पर्यंत उभं राहिलं नव्हतं. त्याच भागातला अंधेरी सबवे २०२३ आणि २०२४ च्या पावसाळ्यातही पाणी भरून बंद करावा लागला.