कार सीट ‘उलटी’ कधीपर्यंत ठेवायची? विकत घेताना कोणता आकडा पाहायचा?

उरणजवळच्या करंजाहून पनवेलला जायचं म्हटलं की रस्त्यात सोबतीला जेएनपीएकडे ये-जा करणारे कंटेनर ट्रेलर असतातच. पुढे पुण्याला जायचं तर कळंबोलीपासून एक्स्प्रेस वे. मुंबईला जायचं तर चिर्ल्याहून अटल सेतू, जो जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. या दोन्ही रस्त्यांवर कारसाठी ताशी १०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला परवानगी आहे. रस्ते बदलले, वेग वाढला. पण गाडीतल्या सगळ्यात लहान प्रवाशाची जागा बऱ्याच घरांत अजूनही तीच आहे, आईची नाहीतर आजीची मांडी.

काही घरांत आता कार सीट येते. पण पहिला वाढदिवस झाला की “आता मोठा झाला, बघू दे पुढचं” असं म्हणून ती सीट पुढच्या दिशेने फिरवली जाते. घाई होते ती इथेच. सीट जास्त काळ उलटी ठेवणं का महत्त्वाचं आहे आणि त्यासाठी विकत घेतानाच काय पाहायचं, ते समजून घेऊया.

रिअर-फेसिंग सीट म्हणजे काय?

ज्या सीटमध्ये बाळाची पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला आणि तोंड मागच्या काचेकडे असतं, ती रिअर-फेसिंग सीट. बाळ आपल्यासारखं समोर बघत असेल तर ती फॉरवर्ड-फेसिंग. बऱ्याच सीट दोन्ही दिशांनी बसवता येतात. त्यांना दुकानात कन्व्हर्टिबल सीट म्हणतात.

मांडीवर घट्ट धरलं तर काय बिघडतं?

एक साधं गणित करू. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाते आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. समोरासमोर टक्कर झाली तर गाडी साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. तेवढ्या वेळात १० किलोच्या बाळाला थांबवायला सरासरी १४० किलो वजनाएवढा जोर लागतो. धडकेच्या ऐन क्षणी तो याहूनही जास्त असतो. एवढा जोर कुणाच्याच हातात नसतो, मग माया कितीही असो.

वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. म्हणजे एक्स्प्रेस वेवर हे गणित आणखी बिघडतं. शिवाय मोठ्या माणसाने बेल्ट लावला नसेल तर त्याच्या अंगाचा सगळा भार मांडीवरच्या बाळावर येतो. स्वतःच्या बेल्टमध्ये बाळालाही गुंडाळून घेणं तितकंच धोक्याचं आहे, कारण मग बाळ बेल्ट आणि मोठ्या माणसाच्या मध्ये चिरडलं जातं.

दिशा बदलल्याने एवढा फरक कसा पडतो?

कारण बाळाचं डोकं. नवजात बाळाच्या एकूण लांबीचा जवळपास चौथा भाग डोक्याचा असतो. मोठ्या माणसात तो सातवा ते आठवा भाग असतो. एवढं जड डोकं तोलणारी मान मात्र कोवळी असते. मानेच्या मणक्यांचे भाग अजून कूर्चेने जोडलेले असतात, ते पूर्ण हाड होऊन एकसंध व्हायला पुढची काही वर्षं लागतात.

समोरून धडक बसली की गाडीतली प्रत्येक गोष्ट पुढे फेकली जाते. बाळ पुढे तोंड करून बसलं असेल तर पट्टे त्याचे खांदे धरून ठेवतात, पण डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. बाळ उलटं बसलं असेल तर डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीत दाबली जातात. धक्का पूर्ण पाठीवर पसरतो.

ही कल्पना अवकाशयानातून आली आहे. स्वीडनचे डॉ. बर्टिल आल्डमन यांनी अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर टेकून उड्डाणाचा जोर कसा सहन करतात ते पाहिलं आणि १९६० च्या दशकात उलट्या दिशेच्या बालसीटचा नमुना तयार केला. १९७२ मध्ये व्होल्वोने अशी सीट बाजारात आणली. स्वीडनमध्ये आजही मुलं चार वर्षांची होईपर्यंत उलटी बसवण्याची पद्धत आहे.

मग कधीपर्यंत उलटं बसवायचं?

युरोपातल्या आर१२९ म्हणजेच आय-साइझ या नियमानुसार १५ महिने पूर्ण होईपर्यंत मूल रिअर-फेसिंगच हवं. हा आकडा किमान आहे. १५ महिने झाले की सीट फिरवा, असा त्याचा अर्थ नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना आधी दोन वर्षांपर्यंत असं सांगायची. २०१८ मध्ये तिने वयाची अट काढली आणि सीटची रिअर-फेसिंगसाठीची वजन किंवा उंचीची मर्यादा गाठेपर्यंत मूल उलटंच बसवा, असा सल्ला दिला.

थोडक्यात, केक कापला म्हणून सीट फिरवायची नसते. सीटची मर्यादा संपली की फिरवायची. त्यामुळे ती मर्यादा किती आहे, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारायला हवा.

खोक्यावर कोणता आकडा पाहायचा?

बहुतेक आईवडील इथेच फसतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘० ते १८ किलो’ किंवा ‘० ते २५ किलो’ लिहिलेलं असतं. तो आकडा दोन्ही दिशा मिळून असतो. त्यातला रिअर-फेसिंगचा भाग बऱ्याच सीटमध्ये फक्त १३ किलोपर्यंत असतो. त्यानंतर सीट फिरवावीच लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार दोन वर्षांच्या मुलाचं मध्यम वजन सुमारे १२ किलो आणि चार वर्षांच्या मुलाचं सुमारे १६ किलो असतं. म्हणजे १३ किलोची मर्यादा तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर संपू शकते. अंगाने भरलेल्या बाळाची तर त्याही आधी. तेच रिअर-फेसिंग १८ किलोपर्यंत चालत असेल तर तीच सीट चार वर्षांच्या आसपासपर्यंत उलटी ठेवता येते.

आर१२९च्या सीटवर मर्यादा उंचीत दिलेली असते. रिअर-फेसिंग १०५ सेंटिमीटरपर्यंत असेल तर उत्तम, कारण मुलं साधारण चार वर्षांच्या सुमारास त्या उंचीला पोचतात. काही सीटमध्ये उंचीसोबत वजनाचीही मर्यादा असते. दोन्हींपैकी जी आधी गाठली जाईल ती धरायची.

दुकानदाराला “किती वर्षांपर्यंत चालते?” असं विचारू नका. “रिअर-फेसिंग किती किलोपर्यंत, किती सेंटिमीटरपर्यंत?” असं विचारा आणि सीटच्या लेबलवर ते स्वतः वाचा. युरोपीय नियमांत बसणाऱ्या सीटवर नारिंगी लेबल असतं. त्यावर गोलात ‘ई’ अक्षर आणि आर४४/०४ किंवा आर१२९ असा उल्लेख असतो. भारताचं स्वतःचं मानक एआयएस-०७२ आहे. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर ती सीट घेऊ नका. फक्त गादी आणि दोन पट्टे असलेले स्वस्त ‘कार कुशन’ कार सीटच्या जागी चालत नाहीत.

आपल्या गाडीत बसेल का?

उलटी सीट पुढे-मागे जास्त जागा खाते. छोट्या हॅचबॅकमध्ये हा खरा प्रश्न आहे. म्हणून शक्य असेल तर गाडी घेऊनच दुकानात जा. आधी पुढच्या सीट रोजच्यासारख्या लावा आणि मग कार सीट बसवून बघा. शेजारच्या सीटच्या मागे, म्हणजे डाव्या बाजूला, सहसा जास्त जागा मिळते. शिवाय बाळाला फुटपाथच्या बाजूने उतरवता येतं.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या दोन लोखंडी कड्या असतात. कार सीट त्यात अडकवली की चुकीची बसण्याची शक्यता कमी होते. मात्र आय-साइझ सीटमध्ये सीट आणि मूल मिळून ३३ किलोपर्यंतच वजन चालतं. कड्या नसतील तर थ्री-पॉइंट बेल्टने बसणारी सीट घ्या. त्यासाठी आपल्या गाडीचा बेल्ट पुरेसा लांब आहे ना, ते तपासा.

काही सीटला जमिनीवर टेकणारा पाय असतो. तो टेकतो त्या ठिकाणी गाडीच्या तळात सामानाचा कप्पा असेल तर आधी गाडीचं मॅन्युअल पाहा. पोकळ कप्प्यावर हा पाय टेकवायचा नसतो.

अमेरिकेतल्या मावशीने सीट पाठवली तर?

आधी हे पाहा की ती बसते का. अमेरिकेतल्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट पूर्ण ओढला की जागच्या जागी लॉक होतो. आपल्याकडच्या बहुतेक बेल्टमध्ये ती सोय नसते. त्यामुळे बेल्ट पकडून ठेवणारं लॉक सीटमध्येच असायला हवं. चुलत भावाची जुनी सीट घेणार असाल तर अपघातात सापडलेली किंवा मुदत संपलेली नाही ना, याची खात्री करा. इतिहास माहीत नसलेली सीट न घेतलेली बरी.

सगळ्यात मोठी चूक कोणती?

एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर उलटी कार सीट बसवणं. एअरबॅग क्षणार्धात उघडते आणि थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत पुढे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर मृत्यू झाला होता. तो मुलगा तर बाळही नव्हता. मुलांची जागा मागेच.

बाकीच्या चुका छोट्या वाटतात, पण महाग पडतात.

• पट्टे सैल ठेवणं. पट्टा आवळल्यावर खांद्यापाशी चिमटीत पकडता येता कामा नये.
• पट्ट्यांची उंची चुकणं. रिअर-फेसिंगमध्ये पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत.
• सीटचा कोन चुकणं. तान्हं बाळ जास्त आडवं हवं, नाहीतर हनुवटी छातीला टेकून श्वास अडतो. मोठं मूल थोडं उभं चालतं आणि त्यात जागाही वाचते.
• उन्हात उभ्या गाडीतली सीट न तपासणं. आपल्याकडच्या उन्हात बकल चांगलंच तापतं. गाडी उभी करताना सीटवर कापड टाका आणि बसवण्याआधी हात लावून बघा.

पण पाय दुमडले जातात त्याचं काय?

हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते आणि तो रास्त आहे. दोन-तीन वर्षांची मुलं मांडी घालून किंवा पाय सीटच्या पाठीला टेकवून मजेत बसतात. घरी जमिनीवर तशीच बसतात की! अपघातात जपायचं असतं ते डोकं आणि मान. मागून धडक बसली तर? तशा धडका सहसा समोरच्या धडकांपेक्षा कमी जोराच्या असतात.

मूल रडत असेल तर आधी घराजवळ छोट्या फेऱ्या मारून सवय लावा. चालत्या गाडीत सीटमधून बाहेर काढू नका, गाडी बाजूला थांबवा.

कायदा काय सांगतो?

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालसीटमध्ये सुरक्षित न बसवल्यास १,००० रुपये दंड आहे. सीट कोणत्या दिशेने हवी, हे या कलमात सांगितलेलं नाही. ते आपल्यालाच ठरवायचं आहे.

ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत मुलांच्या सुरक्षेचे वेगळे ४९ गुण असतात. त्यात दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे डमी वापरतात. नवीन गाडी घेताना मोठ्यांच्या स्टारसोबत मुलांचे स्टारही पाहा.

आणि आधीच सीट घेतली असेल तर? आज गाडीपाशी जा, लेबलवर रिअर-फेसिंगची मर्यादा वाचा, बाळाचं वजन आणि उंची मोजा. अजून मर्यादा बाकी असेल आणि सीट फिरवली असेल, तर ती पुन्हा उलटी लावा. त्याला एक रुपयाही लागत नाही.