सायन्स साइड, आर्ट्‌स साइड

आमच्या मंद्रूपकडे दहावी झालेल्या पोराला 'पुढे काय करणार?' असं सहसा कुणी विचारत नाही. 'कोणती साइड घेतलीस?' असं विचारतात. सायन्स साइड, आर्ट्‌स साइड. भीमेपलीकडे, इंडी-विजयपूरकडे आमच्या गावातल्या अनेकांची सोयरीक आहे. तिकडची मंडळी विचारतात, 'पीयूसीला कॉम्बिनेशन कोणतं?' शब्द वेगळा, धसका तोच.

आजच्या आईबापांना वाटतं की ही निवड कायम दहावीनंतरच होती. तसं नव्हतं मंडळी. आमच्या वेळी एसएससी अकरावीला होती आणि विषयांची निवड आठवी-नववीतच व्हायची, म्हणजे वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी! बीजगणित-भूमिती घ्यायची की नाही, पदार्थविज्ञान-रसायन घ्यायचं की त्याऐवजी शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र (सगळे त्याला 'फिजिऑलॉजी-हायजिन' म्हणत), संस्कृत घ्यायचं की चित्रकला, हे तेव्हाच ठरे. ज्याने बीजगणित-भूमिती सोडली त्याला कॉलेजात सायन्सचा दरवाजा जवळजवळ बंद. मुलींना तर बहुधा कुणी विचारतच नसे. 'फिजिऑलॉजी-हायजिन घे, संसारात उपयोगी पडेल' म्हटलं की झालं. डॉक्टर किंवा इंजिनियर होऊ शकली असती अशा किती मुलींची वाट त्या एका वाक्याने वळली असेल, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

मार्गदर्शन करणारं कुणी नव्हतं असंही नाही. मुंबईत १९४१ साली बाटलीबॉय यांचा व्यवसाय मार्गदर्शन ब्यूरो निघाला होता. १९५० साली मुंबई सरकारने स्वतःचं व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढलं. पुढे शाळांमधल्या शिक्षकांना 'करिअर मास्टर' म्हणून शिकवून तयार करायची पद्धत आली. कल्पना फार चांगली होती. पण खेड्यातल्या शाळेत करिअर मास्टर म्हणजे ज्याच्या तासिका कमी पडत होत्या तो शिक्षक. त्याने वर्तमानपत्रातली कात्रणं फलकावर टाचणीने लावायची. कात्रण पिवळं पडेपर्यंत तिथेच, आणि अर्जाची मुदत केव्हाच टळलेली.

१९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली होती. मुलांच्या आवडी वेगवेगळ्या, तर अभ्यासक्रमही वेगवेगळे असावेत, म्हणून विषयांचे सात गट केले: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. हे सात गट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. अशा शाळा निघाल्या त्या बहुतेक शहरांत. सोलापूर आमच्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर, पण सायकलवर जाणाऱ्या पोराला ते रोजचं अंतर नव्हे.

खरा बदल झाला तो कोठारी आयोगामुळे (१९६४-६६). पहिली दहा वर्षं सर्वांना गणित आणि विज्ञान सक्तीचं, आणि शाखा निवडायची ती त्यानंतर, असं त्या आयोगाने सांगितलं. महाराष्ट्राने १०+२+३ हा आकृतिबंध घेतला. १९७२ साली, म्हणजे ऐन दुष्काळात, आठवीत गेलेली मुलं नव्या पद्धतीची पहिली तुकडी. मार्च १९७५ मध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली, अशा दोन एसएससी परीक्षा एकाच वेळी झाल्या. एकाच घरातले थोरला आणि धाकटा दोघेही मॅट्रिकला! कुणाचे पेढे आधी वाटायचे हा प्रश्नच. आम्ही शिक्षक तेव्हा तरुण होतो. 'नवं गणित' आलं होतं, संच आणि उपसंच आम्ही आदल्या रात्री शिकायचो आणि सकाळी शिकवायचो.

त्या वेळी लोकांनी कुरकुर फार केली. पोरांना झेपणार नाही, पोरींना बीजगणित कशाला, वगैरे. माझं मत असं की महाराष्ट्रातल्या मुलांना मिळालेलं सर्वांत मोठं करिअर मार्गदर्शन तेच होतं, जरी त्याला कुणी ते नाव दिलं नाही. तेराव्या वर्षी बंद होणारा दरवाजा सोळाव्या वर्षापर्यंत उघडा राहिला, आणि मुलींसाठीही राहिला. (गणितात नापास होणाऱ्यांची रांग लागली हेही खरं. म्हणून मध्ये काही वर्षं दहावीला 'सामान्य गणित' असा सोपा पर्याय ठेवला होता. २०१८-१९ च्या नव्या दहावीत तो राहिला नाही. तो घेतलेल्यांपुढे सायन्सची वाट पुन्हा अडलीच.)

पण दरवाजा उघडला तरी आत जायला खोली हवी ना? अकरावी-बारावी म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय. बारावीची पहिली परीक्षा १९७७ साली झाली. पुढे गावोगावच्या हायस्कुलांना अकरावीचे वर्ग जोडले गेले, ते बहुतेक आर्ट्‌सचे. कारण सरळ आहे. आर्ट्‌सला चार शिक्षक आणि एक फळा पुरतो. सायन्सला प्रयोगशाळा हवी, गॅस हवा, पाणी हवं, भौतिकशास्त्राचा एमएस्सी माणूस खेड्यात टिकायला हवा. त्यामुळे तालुक्यातली कितीतरी मुलं 'कला शाखेची आवड' म्हणून आर्ट्‌सला गेली नाहीत, गावात तेवढंच होतं म्हणून गेली. आयोगाच्या यादीत सात गट, गावाच्या यादीत एक.

मुलांना निदान सोलापुरात खोली घेऊन, डबा मागवून राहता येई. मुलींचं सगळं एसटीवर. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची मुलींसाठीची मोफत एसटी पासची योजना आधी दहावीपर्यंत होती, पुढे ती बारावीपर्यंत वाढली. त्या पासाने जेवढ्या मुली सायन्सच्या वर्गात बसवल्या तेवढ्या आमच्या फलकावरच्या कात्रणांनी खचितच बसवल्या नसतील. अर्थात प्रॅक्टिकल उशिरा सुटलं आणि गाडी चुकली की घरी बोलणी ठरलेली.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली. सोलापुरातलं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी त्याच वर्षीचं. तिथून सायन्स साइडचा भाव चढला तो आजतागायत. १९८८ च्या सुमारास बारावीपर्यंतचे 'किमान कौशल्य' अभ्यासक्रमही आले. पण ज्याला कुठेच प्रवेश नाही त्याची ती जागा, असं लोकांनी ठरवून टाकलं. वायरिंग, मोटार रिवाइंडिंग शिकलेली पोरं आज बागायतदारांच्या पंपांवर बरी कमावतात, तरी ती साइड म्हणून कुणी सांगत नाही.

आर्ट्‌सवाल्यांची खरी वाट म्हणजे डी.एड. गावात ज्याची त्याची नजर तिकडे, कारण शिक्षकाचा पगार महिन्याच्या महिन्याला डोळ्यांसमोर दिसायचा. दोन हजारनंतर डी.एड. कॉलेजं इतकी निघाली की विचारू नका. जमीन विकून डोनेशन भरणारे बाप मी पाहिले आहेत. आणि २०१२ मध्ये सरकारने शिक्षक भरतीला लगाम घातला. नंतर टीईटी आली, पवित्र पोर्टल आलं. तोवर ती पोरं तिशीला टेकली होती. नोकरीच्या वाटेची बातमी खेड्यात पोचते तेव्हा ती दहा वर्षं जुनी झालेली असते, आणि नेमकी तीच बातमी ऐकून साइड ठरते.

असो. आता त्या सात गटांकडे येतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची संगणकावर कलचाचणी घेतली आणि निकालासोबत प्रत्येकाला त्याचा कल कळवला. त्यात क्षेत्रं किती? सातच! कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. मुदलियारांच्या यादीतून गृहविज्ञान गेलं, गणवेश आला, विज्ञानाच्या जागी आरोग्य विज्ञान बसलं. बाकीची पाच तीच. गणवेश आला हे बरंच झालं म्हणायचं, कारण पहाटे विजापूर रोडला धावणारी पोरं बघा, सगळी पोलीस भरतीची. पण ज्या मुलीचा कल 'ललित कला' निघाला तिने मंद्रूपमधून जायचं कुठे, हे कागदावर नव्हतं. चाचणी काही वर्षं चालली आणि बंद झाली. २०२० साली महाकरिअर पोर्टल आलं. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर कला आणि विज्ञान यांच्यात पक्की भिंत नको, असंच म्हटलं आहे.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. खेड्यातल्या मुलालाही दहा कॉलेजांची नावं पसंतीक्रमाने भरता येतात. गल्लीतली दोन-चार मुलं-मुली फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात, म्हणतात, 'गुरुजी, क्रम लावून द्या.' मी आधी त्यांना वहीत दोन रकाने आखायला लावतो: एकात काय शिकायचं ते, दुसऱ्यात कॉलेज किती लांब आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता. पहिला रकाना भरायला त्यांना फार वेळ लागतो. दुसरा पाठच असतो.