मर्दानी खेळातील हत्यारांची वाटणी

मर्दानी खेळ ही कोल्हापूरच्या तालमी-आखाड्यांनी जिवापाड जपलेली युद्धकला. तिच्यात प्रत्येक हत्याराचे काम वेगळे असते.

लाठीने पाया पक्का होतो. फरी-गदका, म्हणजे ढाल आणि सरावाची काठी, वार अडवायला शिकवतो. विटा म्हणजे दोरीचा भाला; त्याची दोरी मनगटाला बांधलेली असते, त्यामुळे फेकलेला विटा हिसक्यासरशी परत येतो. दांडपट्टा या तलवारीचा हातमोज्यासारखा लोखंडी खोबळा हात जवळजवळ कोपरापर्यंत झाकतो. मनगट वळत नाही, म्हणून सगळा फिरवा खांद्यातून आणि पावलांतून घ्यावा लागतो. घेरलेल्या एकट्याला तारणारे हे देखणे हत्यार दाटीत मात्र सोबत्यालाही धोक्याचे ठरते. २०२४ मध्ये महाराष्ट्राने ते राज्यशस्त्र म्हणून घोषित केले.