हिंगणघाटची कबर आणि अर्काटचा कारागीर

हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे. हैदराबादेहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी तो तेथे वारला. हिंदुस्थानच्या ज्या प्रचंड त्रिकोणमितीय मोजणीत पुढे हिमालयाची शिखरे मोजली गेली, तिचा आरंभ त्याने १८०२ साली मद्रासजवळ केला. त्याचे चरित्र पुष्कळांनी सांगितले आहे. मला बोलायचे आहे ते त्याच्या यंत्राविषयी, आणि ते ज्यांनी चालते ठेवले त्यांच्याविषयी.

कोन मोजण्याचे हे यंत्र, म्हणजे थिऑडोलाइट, लंडनच्या कॅरीने बनविले होते. वजन अर्धा टन, आडवे वर्तुळ ३६ इंचांचे. एका अंशाच्या ३६०० विकला होतात. त्यांतल्या एका विकलेची चूक तीस मैलांवर नऊ इंचांची होते. असे हे नाजूक लोढणे १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवीत असताना दोर तुटला व यंत्र भिंतीवर आदळले. (गादीवर तेव्हा आपले सरफोजी भोसले होते.) वर्तुळ वाकले. लॅम्बटनने तंबूत दार लावून घेतले, फळीवर मूळ मापाचे वर्तुळ कोरले, आणि पाचरी, मळसूत्रे व कप्प्या लावून धातू केसाकेसाने जागेवर ओढला. यात सहा आठवडे गेले. तंबूत फक्त ‘मुख्य कारागिरांना’ प्रवेश होता, एवढे सांगून हकीकत पुढे जाते. त्या कारागिरांची नावे काय होती?

पुढच्या पिढीतल्या एकाचे नाव मात्र राहिले आहे : अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन. मद्रासेत जवाहिऱ्याच्या दुकानात त्यांचा हात बसला होता. लॅम्बटननंतर प्रमुख झालेल्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली विलायतेहून हेन्री बॅरो हा यंत्रकार आणला. त्याने जुने यंत्र जवळजवळ नव्याने घडविले. पण दोघांचे पटले नाही व बॅरो गेला. त्याचे काम मोहसीन हुसेन करू लागले.

काम मिळाले तसा हुद्दा मिळाला का? आम्हां युनियनवाल्यांना हा प्रश्न पहिला सुचतो. एका कारखान्यात सगळ्या खात्याची मापयंत्रे दुरुस्त करणारा माणूस पगारपत्रकावर वीस वर्षे ‘मदतनीस’ राहिलेला मी पाहिला आहे. एव्हरेस्ट तापट होता, हाताखालच्यांना बोचरे लिहिणारा होता. पण या माणसाच्या हुद्द्यासाठी तो कंपनी सरकारशी भांडला, हे त्याच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. १८४३ साली, एव्हरेस्ट निवृत्त झाला त्याच वर्षी, मोहसीन हुसेन गणिती यंत्रकार या पदावर आले. पगार मात्र बॅरोच्या बरोबरीचा मिळाला नाही.