चित्र न दाखविणारे ग्राफिक्स कार्ड

पारनेरच्या पश्चिमेला, शेजारच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथे 'जीएमआरटी' ही ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. श्रेणीवाढीत तिच्या संकेतप्रक्रियेसाठी एन्व्हिडियाची 'टेस्ला के-४०' ग्राफिक्स कार्डे बसविण्यात आली.

कार्डाचा गाभा म्हणजे जीपीयू चिप. तीत सुमारे ७१० कोटी ट्रान्झिस्टर असून २,८८० गणनकेंद्रे एकाच वेळी काम करतात. चिपलगतच्या १२ गिगाबाइट 'जीडीडीआर-५' मेमरीतून सेकंदाला २८८ गिगाबाइटपर्यंत माहितीची ये-जा होते. व्होल्टेज नियामक १२ व्होल्टचा पुरवठा सुमारे एक व्होल्टपर्यंत उतरवतात. कार्ड २३५ वॅटपर्यंत वीज घेते. ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडत असल्याने उष्णताशोषक पट्ट्या अनिवार्य ठरतात. कडेवरील पीसीआय एक्सप्रेस जोडणी संगणकाशी दुवा साधते. मॉनिटरसाठी जोडणी मात्र नाही.

तिची येथे गरजही नाही. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचे संकेत परस्परांशी ताडून पाहावे लागतात. पूर्वी ३२ मेगाहर्ट्झ असलेला पट्टा आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला आहे. एवढी मूळ माहिती दीर्घकाळ साठवणे व्यवहार्य नसते. त्यामुळे आकडेमोड त्याच क्षणी व्हावी लागते. कार्ड मागे पडल्यास अवकाशातून आलेला तो संकेत पुन्हा मिळत नाही.